गोव्याला नको, कोपनहेगनला हवाच

अरे, ट्रायथलॉनसाठी वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) घेऊ का विचारतोस, तर आधी रेस कुठली ते बघ, मग ठरव. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी (पोहणं, सायकल आणि धावणं मिळून ७०.३ मैलांची रेस) विचारत असशील तर पैसे घालवू नकोस, मिरामारचं पाणी इतकं कोमट असतं की १.९ किमी पोहताना रबराच्या सूटमध्ये तू उकडून निघशील, आणि आयर्नमॅनच्या नियमाने पाणी २४.५ डिग्रीच्या वर गेलं की तो घालून बक्षिसासाठी पात्रच राहत नाहीस. पण पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या आयर्नमॅनला जाणार असशील तर मात्र घे, तिथे ऑगस्टमध्येही पाणी आपल्या माणसाला गारच लागतं आणि सूटमुळे पाय आपोआप वर तरंगतात, ज्यांची किक कच्ची आहे त्यांना तर फारच फायदा.

एक मनापासून सांगतो, रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. मी तेच केलं होतं आणि २०० मीटरवरच छाती आवळल्यासारखी झाली, श्वासच पुरेना, शेवटी मदतीला असलेली कयाक (छोटी होडी) धरून थांबलो. नंतर एका सिनियरने दाखवलं, पायाला प्लॅस्टिकची पिशवी घालून सूट चढवायचा, नखं न लावता बोटांच्या पोटाने काखेत आणि जांघेत चांगला वर ओढायचा, खांद्याला ताण राहिला की हात लवकर भरून येतात. पाण्यात उतरल्यावर गळ्याशी जरा ताणून थोडं पाणी आत घे, लगेच मोकळं वाटतं. मानेला बॉडी ग्लाइड (त्वचा घासू नये म्हणून लावायचा बाम) लाव भरपूर, नाहीतर खाऱ्या पाण्यात सोलवटून निघते.