त्राटक करताना डोळे चुरचुरतात, चालू ठेवू का?

बेळगावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय, मन टिकत नाही म्हणून त्राटक करता, मेणबत्तीच्या ज्योतीकडे दहा मिनिटं पापणी न हलवता टक लावून बसता, आणि आता डोळे चुरचुरतात, असं तुम्ही लिहिलंय. आहे तसं चालू ठेवू नका. मी निपाणीत योगवर्ग घेतो, तिथं हीच तक्रार कायम ऐकतो.

हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात षट्कर्मांमध्ये, म्हणजे शुद्धीच्या सहा क्रियांमध्ये, त्राटक येतं. तिथं ‘अश्रू येईपर्यंत’ बघावं असं सांगितलंय, आणि लोक पाणी काढायची शर्यतच लावतात. माझ्या मते ती थांबायची खूण आहे. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते, म्हणून बुबुळ ओलं राहतं. ती दाबून धरली की ते सुकणारच. सुरुवातीला एक-दोन मिनिटं पुरे. जळजळलं की खुशाल पापणी मिटा, काही बिघडत नाही.

मेणबत्तीपेक्षा तुपाची वात बरी, धूर कमी. ज्योत डोळ्यांच्या रेषेत, दोन-तीन फुटांवर हवी. पंखा बंद, खिडकी लावलेली. मग डोळे मिटायचे. आत ज्योतीचा ठसा दिसतो, सरकतो, विरतो. तो पुसेपर्यंत लक्ष तिथंच ठेवायचं, पळालं की परत आणायचं. एकाग्रतेची खरी मेहनत इथं आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. त्या ठशाचे रंग बदलले तर सिद्धीबिद्धी समजू नका, उजेडानं थकलेल्या दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, तो खेळ.

सूर्याकडे बघायचं त्राटक व्हिडिओत दिसलं तरी करू नका, उगवत्याकडेही नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलेलं समजतच नाही.

काचबिंदू असेल, फिट येत असतील किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे नकोच. लेन्स काढून ठेवा. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका वर्गाला येतात. धुळीनं त्यांचे डोळे आधीच लाल असतात, म्हणून त्यांना मी ज्योत देत नाही, भिंतीवर काळा ठिपका देतो.

तुम्हीही चुरचुर थांबेपर्यंत चार दिवस सगळंच बंद ठेवा. तरी नाही थांबली, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा. थांबली, तर ठिपक्यापासून सुरू करा. रूममेट पंखा बंद करू देत नसेल तरी ठिपका काही हलत नाही.