धनुष्य आणि इतर प्राचीन शस्त्रं काळानुसार कशी बदलत गेली?

तुम्ही सगळ्याच शस्त्रांबद्दल विचारलंय, पण मी धनुष्यालाच धरून बसतो. तलवारीची गोष्ट बरीचशी धातूची आहे. कांस्य, लोखंड, पोलाद असा धातू सुधारला, तसं पातं लांब होत गेलं. धनुष्याचं कोडं जास्त मजेदार आहे.

लहानपणी बांबूच्या कामटीला सुतळी बांधून तिरकमठा केला असेल, तर तो कसा मोडतो हे आठवा. आमचा तरी बाहेरच्या अंगानेच चिरफळायचा. कामटी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हे दोन्ही सोसेल असं काय वापरायचं, या एका प्रश्नाभोवती धनुष्य हजारो वर्षं बदलत राहिलं.

भाला त्याच्याही आधीचा. जर्मनीत शोनिंगेनला सापडलेले लाकडी भाले निदान दोन लाख वर्षांचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेतली सुमारे ६४,००० वर्षांपूर्वीची दगडी टोकं बाणांची असावीत, असं काही संशोधक मानतात. पण लाकूड कुजतं, त्यामुळे अख्खं धनुष्य हाती लागतं ते थेट डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत, साधारण ९,००० वर्षांपूर्वीचं, एल्मच्या लाकडाचं.

युरोपला पुढे यू नावाचं झाड उपयोगी पडलं. त्याचा गाभा दाब झेलतो आणि सालीलगतचं फिकट लाकूड ताण झेलतं. म्हणून दोन्ही थर राहतील अशी एकच पट्टी तासायची. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्लिश जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्याच्या अवशेषांत शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली, बहुतेक पुरुषभर उंचीची किंवा त्याहून लांब. ती पूर्ण खेचायला ४५ ते ८० किलोंच्या आसपास जोर लागत असावा, असा अंदाज आहे. आजचे ऑलिंपिक तिरंदाज वीस-बावीस किलोंवर भागवतात!

पण एवढं लांबलचक धनुष्य घोड्यावर बसून कसं चालवणार? आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या स्वारांनी त्यावर जो तोड काढला, तो मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. मधे लाकूड, आतून शिंगाची पट्टी, बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. शिंग दाबाला दाद देत नाही, तंतू ताणाला. आखूड असूनही जोर भरपूर. आपल्याकडे विष्णूच्या धनुष्याचं नावच शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. मेहकरच्या शारंगधर बालाजीच्या नावात ते आजही आहे.

या धनुष्याचा शत्रू म्हणजे दमट हवा. सरस ओला झाला की थर सुटायला लागतात, आणि आपला पावसाळा तर चार महिन्यांचा. पुढे भारतात पोलादी धनुष्यंही झाली, ती यामुळेच. बाण फेकण्यात ती शिंगाच्या धनुष्याहून मंदच, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नसत. किल्लेदाराला तेवढं पुरे होतं.