माईला काय कळतं?

प्रिय सानू,

परवा तुझ्या विषयांच्या निवडीवरून बोलणं चाललं होतं, तेव्हा मी म्हटलं, "एकदा माईआजीला विचारून बघ." तू फटकन म्हणालीस, "वय वाढलं की अक्कल येते असं मराठी लोकांना का वाटतं? तिला माझ्या शाळेतलं काय कळतं?" मला ते लागलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अर्धं तुझंच खरं आहे. आमच्या घरात तात्याकाका सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. आत्याला पुढे शिकायचं होतं. ते "पुरे आता" म्हणाले आणि कुणी ब्र काढला नाही. त्याचा राग मला अजून येतो. बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी लोकांपुढे आयुष्यातले पेच ठेवून ते कसा विचार करतात हे वर्षानुवर्षं तपासत होते. विशी ते पंचाहत्तरीच्या माणसांच्या शहाणपणात निव्वळ वयाने फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही.

पण माईकडे लोक का यायचे, ते मी जवळून पाहिलंय. ती सल्ला द्यायचीच नाही. शेजारच्या काकू एकदा भावजयीवर चिडून आल्या. माईने हातातलं शिवण बाजूला ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता ती इथे बसली असती, तर हेच तिनं कसं सांगितलं असतं?" काकू आधी फणकारल्या. मग भावजयीच्या बाजूने बोलायला लागल्या आणि मध्येच थबकल्या. मी मैत्रिणीशी भांडून आले की मला विचारायची, "हेच तिचं झालं असतं, तर तू तिला काय सांगितलं असतंस?" मला तेव्हा अस्सा संताप यायचा!

2014 मध्ये इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात जवळजवळ हेच करून पाहिलं. जोडीदाराने फसवलं, असा प्रसंग मित्राचा म्हणून दिला की लोक दुसरी बाजू बघायचे, आपल्याला सगळं माहीत नाही हे मान्य करायचे. तोच प्रसंग स्वतःचा म्हटला की ते भान सुटायचं. स्वतःकडे बाहेरच्यासारखं बघायला सांगितलं, तेव्हा हा फरक मिटला. आणि साठी उलटलेल्यांचंही तरुणांसारखंच झालं.

म्हणूनच बहुतेक माई स्वतःचं काही असलं की धाकट्या काकूला विचारायची. काकू तिच्याहून कितीतरी लहान! मला ते विचित्र वाटायचं. हे शहाणपण तिच्यात उपजत होतं की सवयीने आलं, मला नक्की सांगता येणार नाही. पण आता आपण भांडलो की मी तुझ्या जागेवरून सगळं सांगून बघते, मनातल्या मनात. पहिली दोन वाक्यं फार जड जातात.

तू माईला फोन करच, असं मी म्हणत नाही. केलास तरी ती विषय सुचवणार नाही, तुलाच प्रश्न विचारत बसेल. एखाद्या मैत्रिणीला विचारलंस तरी चालेल, फक्त तुझं सगळंच पटतं अशी निवडू नकोस. आणि ठरलं की मला कळव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई