आधी काटा, मग डँपर

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत ‘काय बसवू?’ असं विचारणारे पुष्कळ आहेत. ‘काय बिघडलंय?’ असं विचारणारे मोजकेच. निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : सर, सहा वर्षं एका जागी उभी असलेली आखूड व्हीलबेसची जुनी लँड रोव्हर घेतली आहे. बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे गंजायचं कारणच नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं. पण दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आलेत आणि आतून पांढरी भुकटी गळते. सगळी गाडी खोलून चेसिसपासून सुरुवात करायचं मनात आहे. योग्य होईल का?

विकणारा अर्धंच बोलला. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलाद मोजूनमापून मिळत होतं. म्हणून बॉडीचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. चेसिस, इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत, दारांच्या चौकटी मात्र पोलादाच्याच राहिल्या. हे दोन धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये ओल शिरली, की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तुमची पांढरी भुकटी म्हणजे तेच. वरून पुट्टी भरून रंग मारलात तर फोड पुन्हा येणार. पत्रा चौकटीपासून सोडवा, दोन्ही बाजू साफ करा, पोलादाला झिंक प्रायमर द्या आणि दोघांच्या मध्ये सीलंटचा किंवा टेपचा थर ठेवूनच परत जोडा.

आता चेसिस. एक लहान हातोडी घ्या आणि गाडीखाली शिरा. मागचं आडवं मेंबर, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॉडी ज्यांच्यावर टेकते ते बाजूचे हात आणि टाकीच्या वरची जागा, या क्रमाने ठोकत जा. चांगलं पोलाद ‘टण्ण’ वाजतं. कुजलेलं ‘थप’ करतं आणि वरची पापडी गळून पडते. शंका आली तिथे जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून टेकवा. आत गेला तर निकाल लागला. पेटीसारख्या चेसिसमध्ये चिखल आत साठतो आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून काळाकुळकुळीत ताजा रंग दिसला की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते.

सगळी गाडी खोलायचं म्हणाल तर, थांबा. खोललेली गाडी खोललेलीच राहते, असे सांगाडे मी भरपूर पाहिलेत. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, इंजिन हाताने फिरवून बघा. मग ब्रेक. ब्रेक लागायला लागल्याशिवाय इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही. अंगणात वीस मीटर पुढे-मागे चालवलीत तरी गिअरबॉक्स, क्लच आणि डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, एक्सलच्या मधले गिअर) तुम्हाला बरंच काही सांगतील. एकदा सगळं सुटं झालं की ते कळायचा मार्ग उरत नाही.

एक माझी फजिती. मी माझ्या पहिल्या जीपचा कुजलेला तळ आणि दाराखालची पट्टी एका झटक्यात कापून काढली. नवा पत्रा सुरेख बसला, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलं. नंतर दार लावायला गेलो तर लॅच चौकटीपासून ९ मिलिमीटर अलीकडे. आधार काढल्याबरोबर बॉडी फाकली होती आणि मी तिला तशीच फाकलेली जोडून टाकली होती. सगळं वेल्डिंग तोडण्यात तीन आठवडे गेले. कापण्याआधी दाराच्या चौकटीत तिरके लोखंडी अँगल टाचून घ्या आणि दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आणि नट-बोल्टच्या पिशवीवर ‘मधले बोल्ट’ असं लिहू नका. कशाच्या मधले, हे दीड वर्षाने माझं मलाच उमगलं नव्हतं.

प्रश्न : ५५-६० च्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं इतकी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळपास थांबेपर्यंत ते जात नाही. टायर मोठे टाकल्यापासून जास्तच झालं आहे. स्टिअरिंग डँपर दोनदा बदलला. आता दोन डँपर एकत्र बसवायचं किट मागवू का?

नको. डँपर म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा. तो रोग बरा करत नाही, खोकला दाबून ठेवतो. शिवाय गाडी चांगली असेल तर डँपर काढूनही ती सरळ जायला हवी. आणि हे तपासून होईपर्यंत मोठ्या रस्त्यावर नेऊ नका.

सरळ एक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड आस) असलेल्या पुढच्या चाकांत हा रोग होतो आणि त्याची कारणं बहुधा एकावर एक चढलेली असतात. आधी चाकांचा बॅलन्स आणि टायरची हवा बघा, फुकटात सुटलं तर उत्तमच. मग इंजिन बंद, गाडी जमिनीवर, कोणाला तरी स्टिअरिंगवर बसवा. माझ्याकडे हे काम मुलगी करते. डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं आडवी ठेवा, एक बोट एका भागावर, दुसरं दुसऱ्यावर. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक (दोन्ही स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारे दांडे), स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसला धरणारे बोल्ट, पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश. डोळ्याला न दिसणारा प्ले (सैलपणा) बोटाला कळतो. माझ्या गाडीत स्टिअरिंग बॉक्स स्वतःच हलत होता, कारण त्याच्यामागच्या चेसिसला तडा होता. ते सापडायच्या आधी बॉक्स नवा घेऊन झाला होता.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्याच्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगकडे या. इथे बहुतेक लोक अंदाजाने काम करतात आणि तिथेच फसतात. एक्सल स्टँडवर घ्या, चाक काढा, टाय रॉड सोडवा, चाक वळवणाऱ्या सांध्याच्या गोळ्यावरचं मोठं सील मोकळं करा, नाहीतर त्याचा घासटाही मोजला जाईल. सामान तोलायचा साधा स्प्रिंगचा काटा घ्या. त्याचा हूक स्टिअरिंग आर्मच्या टोकाच्या भोकात अडकवा आणि आर्मशी काटकोनात हळूहळू ओढा. आर्म फिरत असताना काट्यावर काय दिसतं ते वाचा. माझ्याकडे उजवीकडे साडेचार किलो आलं, ते मॅन्युअलशी जुळत होतं. डावीकडे काटा जेमतेम एकावर गेला. चाक नुसतं धरून हलवलं तर दोन्ही बाजू सारख्याच घट्ट वाटायच्या! डाव्या बाजूचा ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे कागदाएवढा, एक शिम (पत्र्याची पातळ चकती) काढला, कॅप आवळली, पुन्हा ओढलं, तर चार किलो. थरथर त्या दिवशी गेली ती आजतागायत आलेली नाही. त्याआधी डँपर आणि टायर यांवर काय खर्च केला होता ते विचारू नका. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच मॅन्युअलमधून घ्या, माझा घेऊ नका.

ओढताना मधोमध, म्हणजे चाक सरळ असताना, काही अडकल्यासारखं खटकलं तर शिम काढून भागणार नाही. गाडीचं आयुष्य सरळ जाण्यात गेलेलं असतं, त्यामुळे बेअरिंगचे रोलर एकाच जागी ठोकले जाऊन रेसमध्ये (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यात) खाचा पडतात. तेव्हा बेअरिंग आणि रेस दोन्ही नवे.

राहिला कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा माथा मागे झुकलेला असतो तो कोन. आधीच्या मालकाने उंची वाढवायला लांब शॅकल घातलेत का पाहा. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलमुळे किंगपिनचा माथा पुढे झुकतो, कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायचं विसरतं.

प्रश्न : गाडी तीन इंच उंच करून ३३ इंची टायर टाकायचे आहेत. सध्या २९ चे आहेत. दगडधोंड्यांत डिफरन्शियल घासतं, म्हणून. कोणतं किट घ्यावं?

डिफरन्शियल घासत असेल तर किटने ते एक केसभरही वर जाणार नाही. सरळ एक्सलच्या गाडीत पाटे किंवा स्प्रिंगा उंच केल्या की चेसिस आणि बॉडी वर जाते. एक्सल चाकांच्या मधोमध असतो, तो तिथेच राहतो. तो उचलतं फक्त टायर, तेही व्यासातल्या फरकाच्या निम्मं. २९ चे ३३ केले की चार इंचांतले तुमच्या वाट्याला दोन येतात. किट लागतं ते मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून.

या दोन इंचांची किंमत बघा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६८ ने जात असेल. सगळे गिअर जवळजवळ १४ टक्क्यांनी लांब होतील, म्हणजे चढावर इंजिन दमेल. ब्रेकला तेवढंच जास्त बळ लावावं लागेल आणि जुने ड्रम ब्रेक आधीच जेमतेम असतात. हाफ शाफ्टवर (एक्सलच्या आतून चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) आणि किंगपिनवर भार वाढेल. (वरचं पत्र पुन्हा वाचा.)

उंचीचा दुसरा भार प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडची ताकद एक्सलकडे नेणाऱ्या दांड्यावर. क्रॉसचा सांधा कोनात फिरला की सांध्यापलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चूक पुसून टाकतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारी दुफाट टोकं) एका रेषेत असतील तरच. आखूड व्हीलबेसच्या गाडीत मागचा शाफ्ट तोकडा असतो, तिथे तीन इंचांनी कोन एकदम चढतो. मग ठरावीक वेगाला घूं-घूं सुरू होते आणि लोक क्रॉस बदलत बसतात. ब्रेकचे होजही बघा. चेसिस जॅकवर घ्या, एक्सल पूर्ण लोंबू द्या. होज ताणलेला दिसला तर तो लांबच हवा.

माझं विचाराल तर ३१ चे टायर आणि कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे. तुमचे जुने पाटे इतक्या वर्षांत बसलेले असणार. एक्सलपासून चेसिसपर्यंत मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. हवी असलेली निम्मी उंची बहुतेकदा तिथेच हरवलेली सापडते. टायरच्या मापाचे आणि बदलांच्या नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे आहेत. ते आणि विमा, दोन्ही पैसे देण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : काका, चिखलातून बाहेर आल्यावर फोर-व्हीलचा दांडा परत टू-व्हीलमध्ये येईना. डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर तसाच चालवत आलो. ट्रान्स्फर केस गेली का?

ट्रान्स्फर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी. ती गेली नसावी. अशा जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर जुळवता येत नाही आणि सगळा पीळ गिअरांत अडकून बसतो. दांड्याला लाथ मारू नका. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की दांडा दोन बोटांनी येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे आहेत ना, तेही पाहा.

प्रश्न : गिअरबॉक्समध्ये दुकानदाराने ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ तेल दिलं. मॅन्युअलमध्ये जीएल-४ आहे. चालेल?

जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे वर्ग. जीएल-५ डिफरन्शियलला चालेल, गिअरबॉक्सला नको. जीएल-५ मध्ये प्रचंड दाबासाठीची गंधक-फॉस्फरसची द्रव्यं साधारण दुप्पट असतात. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ती मानवत नाहीत आणि गिअर टाकताना खरखर येते. काढून टाका. आणि कुठलंही तेल काढताना आधी वरचा, भरायचा नट सैल होतोय का ते बघा. खालचा उघडून तेल सांडून मोकळे झालात आणि वरचा नट जागचा हलेना, तर गाडी तिथेच राहील.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. आजोबांची जुनी जीप मला मिळाली आहे. चेसिसला दोन ठिकाणी भोकं आहेत. मिग वेल्डिंग मशीन घेतलं तर याच गाडीवर शिकता येईल का?

शीक, पण या गाडीवर नको. चेसिसच्याच जाडीचे पत्र्याचे भंगार तुकडे आण. दोन तुकडे जोड, व्हाइसमध्ये धर आणि हातोडीने वाकव. जोड तुटला तर तो नुसता वर चिकटलेला होता. जोड शाबूत राहून शेजारचा पत्रा वाकला, तर जमलं. असे तुकडे लागोपाठ जमायला लागले की गाडीकडे ये, तेही पहिल्यांदा बॅटरीच्या ट्रेवर. चेसिसची भोकं, विशेषतः पाट्याच्या हँगरजवळची, जाणत्या वेल्डरकडून करून घे आणि शेजारी उभा राहून बघ. भोकावर पत्रा नुसता चिकटवू देऊ नकोस, आधी चांगलं पोलाद लागेपर्यंत कापायला सांग.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडव आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून लांब ने. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून काढ, त्याचा धूर ताप आणतो. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर कधीच वेल्डिंग करू नकोस. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून उष्णतेने विषारी वायू होतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. आणि ब्रेकचा ड्रम उघडलास की आतली धूळ फुंकू नकोस, काँप्रेसरही मारू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने टिपून घे आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

आजोबांकडे त्या गाडीचं मॅन्युअल आहे का, ते आजच विचार. नसेल तर आधी तेच शोध, मशीन नंतर.