पावसाळाभर उभ्या विमानाचं इंजिन दर आठवड्याला दहा मिनिटं चालवलं तर चालेल का?

नाही. तुमचं लायकमिंग ओ-३२० जून ते सप्टेंबर वास्कोच्या खाऱ्या हवेत उभं राहणार, त्यात हा उपाय उलट घातक. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीत, उतरते. दहा मिनिटांत तेल पुरतं तापत नाही, त्यामुळे ती तिथेच पाणी होऊन साठते. नुसता पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवणंही नको. उरलासुरला तेलाचा थर पुसला जातो. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. तेल आधी तिथूनच निथळतं, गंजाचे बारीक खड्डे तिथेच पडतात आणि पुढे टॅपेटचे (कॅमवर टेकणाऱ्या भागाचे) पापुद्रे सुटून कॅम झिजतो.

मेअखेरीस नेहमीचं तेल काढून गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल भरा (एरोशेल फ्लुइड २एफ चालेल) आणि इंजिन नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालवा. मग मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) बंद, चावी खिशात, प्लगच्या वायरी सुट्या. इंजिन कोमट असतानाच वरचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल सुमारे ६० मिली फवारा. फवारणी हवेशिवायच्या गनने करा. पावसाळी दिवसांत काँप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि तेच आत जातं. यानंतर क्रँक जराही हलवायचा नाही. पंख्यावर 'फिरवू नका' असा लाल फलक लावा, कारण हँगरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचा हात पंख्याकडे जातोच.

प्लगच्या जागी सिलिका जेलचे, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचे, डिहायड्रेटर प्लग बसवा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कार्बुरेटरच्या तोंडात आणि एक्झॉस्टमध्ये सिलिकाच्या पिशव्या घाला, वरून ओल न धरणारा कागद आणि टेप. ब्रीदर नळी (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी) हमखास विसरली जाते. तिथेही डिहायड्रेटर प्लग हवा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला. गोव्याच्या जुलैत दर आठवड्याला बघा. निळे दाणे घरच्या ओव्हनमध्ये वाळवू नका, त्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं.

रबरी नळ्यांना यातलं काहीच वाचवत नाही. त्या तासांवर नाही, वर्षांवर म्हाताऱ्या होतात.

ऑक्टोबरमध्ये सगळ्या पिशव्या मोजून बाहेर काढा. खालचे प्लग काढून पंखा हाताने काही फेरे फिरवा, साचलेलं तेल भोकांतून गळून जाऊ द्या. ते आत राहिलं आणि स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.