एसडब्ल्यूआर १.२ होता, तरी ओठाला चटका बसत होता

तुम्ही विचारलंय: हॅम रेडिओवर ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) डायपोल अँटेनाला १०० वॅटवर फीडलाइनवर (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर) कोणता चोक लावू, पाइपावर कोॲक्स केबलचीच गुंडाळी केली तर भागेल का, आणि तोच चोक १० मीटरलाही चालेल का.

गुंडाळीने भागत नाही. माझाही डायपोल ४० मीटरचाच. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १.२, म्हणजे उत्तमच. तरी पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून बोलायला लागलो की माइकची जाळी ओठाला चावायची. कॉम्प्युटरवरून डिजिटल संदेश पाठवताना यूएसबी साउंडकार्ड मध्येच गायब व्हायचं. ज्यांच्याकडून हा छंद शिकलो ते म्हणाले, "एसडब्ल्यूआर १.२ आहे ना, मग अँटेना ठीक आहे. फार तर कोॲक्सचे सहा वेढे पाइपावर घाल." घातले. चटका वाढला. त्यांनी अर्थिंगला दोष दिला, आणि त्यावरून आमची दोन वर्षं जुंपली होती.

चटका देतो तो शील्डच्या, म्हणजे कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीच्या, बाहेरून परत येणारा करंट; चोक तोच अडवतो. हवेतल्या गुंडाळीत जवळजवळ निव्वळ इंडक्टन्स असतो. शील्डच्या बाहेरून येणारी वाट त्या फ्रीक्वेन्सीला कपॅसिटिव्ह असली, तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि करंट उलट वाढतो. चांगला फेराइट चोक मुख्यतः रेझिस्टन्सने अडवतो. तो असा खोडला जात नाही.

शेवटी एफटी-२४०-३१ या फेराइट कड्यावर आरजी-५८ कोॲक्सचे १२ वेढे घेऊन थेट फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जुळते तिथे, लावले. त्या संध्याकाळी माइक ओठाला टेकवून अर्धा तास बोललो. घरातल्या अडॅप्टरांची खरखरही रेडिओच्या सिग्नल मीटरवर एस६ वरून एस४ वर आली. नॅनोव्हीएनए या छोट्या मापणी यंत्रावर ७ मेगाहर्ट्झला चोकची अडवणूक ३२ डीबी दिसली. ५० ओहमच्या मापणीत ३० डीबी म्हणजे साधारण ३००० ओहम, त्याच्या खाली समाधान मानू नका.

लाल पावडर-आयर्न कोर चोकसाठी घेऊच नका. ४० मीटरवर क्लिप-ऑन फेराइटच्या रांगेतही दम नाही: वेढे दुप्पट केले की इम्पीडन्स जवळपास चौपट होतो, कोर दुप्पट केले की फक्त दुप्पट. १० मीटरला हाच चोक नको: तिथे ४३ किंवा ५२ मिक्स (फेराइटचा प्रकार; वरच्या कड्याचा ३१), वेढे कमी.

हो, फोमवालं कोॲक्स इतकं आवळून वळवू नका, मधली तार सरकते. कोर तापत असेल तर दुसरा चोक सिरीजमध्ये घाला. आणि एंडफेडला (टोकाला केबल जोडलेल्या अँटेनाला) हे सगळं जसंच्या तसं लागू नाही, तिथे वेगळा काउंटरपॉइज (करंटच्या परतीची तार) नसेल तर शील्डच ते काम करत असते.

तुम्हालाही कुणी एसडब्ल्यूआर दाखवून गप्प करत असेल, तर १० वॅटवर त्यांच्यासमोर कोॲक्स मुठीत धरा. एसडब्ल्यूआर मीटरचा काटा हलला, तर शील्डच्या बाहेरून करंट वाहतोय.