गॅरेजची स्प्रिंग साडेचारशेची, पण दर महिन्याचे हजार कुठे चाललेत?

नेपरव्हिल, इलिनॉयहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. वय ४२, आयटीत नोकरी, पगार १ लाख ३० हजार डॉलर, बायकोचे पार्टटाइमचे ४५ हजार, दोन शाळेतली मुलं. ऐन थंडीत सकाळी गॅरेजमध्ये धडाम्‌ आवाज झाला, दाराची स्प्रिंग तुटली आणि दोन्ही गाड्या आत अडकल्या. '२९ डॉलरमध्ये सर्व्हिस कॉल' अशी जाहिरात बघून टेक्निशियन बोलावला, त्याने दोन स्प्रिंग, सगळे रोलर, केबल आणि 'लाइफटाइम वॉरंटी' धरून ११८० डॉलर सांगितले, वर ओपनरही (दार उघडणारी मोटर) जुना झालाय तो बदला म्हणाला, सगळं मिळून १९००, अठरा महिने बिनव्याजी हप्ते. शेजारी म्हणतो यूट्यूब बघून ऐंशी डॉलरमध्ये स्वतः कर. बायको म्हणते महिना ६५ डॉलरची होम वॉरंटी घेऊ म्हणजे पुढची कटकट मिटेल. तर काय करू, असा प्रश्न.

आणि मग खाली ता. क.: "सध्या कॅश जरा टाइट आहे, सेव्हिंगमध्ये ९०० डॉलर आहेत, क्रेडिट कार्डवर ६००० फिरतायत (२४ टक्के). कारण आम्ही दर महिन्याला १००० डॉलर एका टॅक्स-फ्री रिटायरमेंट प्लॅनमध्ये टाकतो, मंडळातल्या एका दादांनी तीन वर्षांपूर्वी करून दिला, त्यासाठी ४०१के (नोकरीतलं रिटायरमेंट खातं) तात्पुरता शून्यावर आणलाय. पण ते सोडा, ती इन्व्हेस्टमेंट आहे."

नाही हो, ते सोडता येणार नाही. पण आधी दार उघडू, गाड्या आत आहेत.

तुमचं दार १६ बाय ७ फुटांचं आहे असं लिहिलंय. अशा दाराचं वजन दीडशे ते अडीचशे पौंड असतं आणि ते वजन ओपनर उचलत नाही, दारावरच्या दांड्यावर पिळलेली स्प्रिंग उचलते, ओपनर नुसता ढकलतो. म्हणून स्प्रिंग तुटली की बटण दाबून बघत बसू नका, मोटरचा गिअर जाईल आणि मग खरंच नवा ओपनर घ्यावा लागेल. स्प्रिंग अमुक वर्षांनी जात नाही, ती उघडझापीच्या हिशोबाने जाते. साधी स्प्रिंग १०,००० वेळा (म्हणजे १०,००० सायकल) दार उघडून बंद करण्यासाठी बनवलेली असते. तुमच्याकडे मुलांची शाळा, ऑफिस, ग्रोसरी, कचऱ्याचा डबा सगळं गॅरेजमधूनच होतं, दिवसाला सहा वेळा धरा, म्हणजे साडेचार वर्षं. त्यात थंडीत पोलाद कडक होतं, म्हणून आधीच थकलेली स्प्रिंग नेमकी जानेवारीतच तुटते. यात तुमचं काही चुकलेलं नाही, आणि हे झिजणं असल्यामुळे घराच्या इन्शुरन्समधूनही काही मिळणार नाही.

याला ३०० ते ४५० डॉलर लागायला हवेत, दोन्ही स्प्रिंग आणि मजुरी धरून. दोन्ही एकदम बदला, कारण दुसरी त्याच दिवशी बसवलेली आहे, ती फार मागे राहणार नाही, आणि मजुरी एकदाच जाते. तीन ठिकाणी फोन करा, जवळच्या गावातला लहान दारवाला असेल तर उत्तम, आणि एवढंच वाक्य म्हणा: "१६ बाय ७ चं दार, दोन टॉर्शन स्प्रिंग, २५,००० सायकलच्या, घरी येण्यापासून सगळं मिळून किती?" जो फोनवर आकडा सांगत नाही आणि येऊन बघतो म्हणतो त्याला राम राम करा, २९ डॉलरवाल्याचं तेच असतं, तो दारात उभा राहिल्यावर तुम्ही त्याला परत पाठवणार नाही हे त्याला ठाऊक असतं. २५,००० सायकलवाल्या स्प्रिंगला साठ ते शंभर जास्त पडतील, ते द्या, तुमच्या वापराला त्या अकरा वर्षं जातील. सगळ्या जादा खर्चांत हे एकच खरोखर घेण्यासारखं असतं आणि नेमकं तेच कोणी गळ्यात मारायला बघत नाही! रोलर डुगडुगत असतील, केबलचे धागे सुटलेले दिसत असतील तर बदला, तुमच्यासमोर दाखवायला सांगा. 'लाइफटाइम वॉरंटी' बहुतेक वेळा फक्त स्प्रिंगची असते, मजुरी दर वेळी वेगळी, आणि खर्च मजुरीचाच असतो.

शेजाऱ्याचं ऐकू नका. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये एवढा जोर असतो की दांडी निसटली तर मनगट किंवा जबडा जातो. होम वॉरंटी पण नको, ६५ गुणिले १२ म्हणजे वर्षाला ७८०, वर प्रत्येक वेळी शंभरेक डॉलर सर्व्हिस फी, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये ओपनर कव्हर असतो पण स्प्रिंग वगळलेली असते. शिवाय आधीच तुटलेल्या गोष्टीला ते पैसे देतच नाहीत. अठरा महिने बिनव्याजीतली मेख अशी की बहुतेक वेळा व्याज माफ नसतं, पुढे ढकललेलं असतं, शेवटच्या दिवशी शंभर डॉलर जरी बाकी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लावतात. तुमच्याकडे ९०० आहेत, त्यातले साडेचारशे देऊन मोकळे व्हा.

झालं दाराचं. आता मला एक सांगा, ११८० डॉलरसाठी तुम्ही टेक्निशियन, शेजारी, बायको आणि मी अशा चौघांना विचारलंत, आणि महिन्याला हजार, म्हणजे आतापर्यंत ३६ हजार डॉलर, ज्या कागदावर दिलेत त्याबद्दल कितीजणांना विचारलंत? तुमच्या पत्रात तरी दादांशिवाय दुसरं कोणी दिसत नाही. टेक्निशियनला जास्त रोलर विकले की कमिशन मिळतं हे तुम्हाला लगेच कळलं, दादांना पहिल्या वर्षीच्या तुमच्या प्रीमियममधला मोठा हिस्सा मिळाला असणार हे मात्र लक्षात आलं नाही, कारण ते गणपतीला मोदक वाटायला असतात.

तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवरून हा रिटायरमेंट प्लॅन नाहीच. ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, आययूएल, १० लाख डॉलरची लाइफ इन्शुरन्स पॉलिसी आहे, जिचं व्याज शेअर बाजाराच्या इंडेक्सवर ठरतं. त्याच पानावर दोन आकडे आहेत, एक २८ हजार आणि त्याखाली बारीक अक्षरात १६ हजार. दादा तुम्हाला वरचा दाखवतात. तुमचा खरा आकडा खालचा, ती सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज बंद केली तर हातात येणारे पैसे. ३६ दिले, १६ मिळतील.

आता ते स्वप्न बघू. इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे विकताना दाखवलेल्या अंदाजाच्या कागदावर, ७ टक्के धरून ६५ नंतर पंचवीस वर्षं वर्षाला ७० हजार 'टॅक्स-फ्री' दाखवलेत. मी साधा हिशोब केला: वर्षाला १२ हजार, २६ वर्षं (तुमच्या ३९ पासून ६५ पर्यंत), ७ टक्क्यांनी होतात सव्वाआठ लाख, आणि सव्वाआठ लाख ७ टक्क्यांवर ठेवून पंचवीस वर्षांत संपवले तर वर्षाला ७० हजार. म्हणजे आकडा बरोबर जुळतो, पण कधी, तर आतून एक सेंटही कापला गेला नाही तर! आणि कापला तर जातोच, प्रत्येक प्रीमियममधून काही टक्के, दर महिन्याला पॉलिसी फी आणि विम्याचा खर्च, जो वय वाढेल तसा वाढत जातो. तुमच्या ३६ चे २८ झालेत ते उगाच नाही. हातात निव्वळ ५ टक्के आले तर ७० चे साडेत्रेचाळीस हजार होतात, ४ टक्के आले तर ३४. आणि ७० पूर्ण मिळाले असं जरी धरलं तरी ३ टक्के महागाईने आजपासून २३ वर्षांनंतरचे ७० म्हणजे आजचे साडेपस्तीस.

"मार्केट पडलं तरी शून्याच्या खाली जात नाही" हे दादांचं आवडतं वाक्य तुम्ही लिहिलंय. व्याज शून्याच्या खाली जात नाही, बरोबर, पण चार्ज त्या वर्षीही कापले जातात, त्यामुळे तुमचे पैसे शून्याच्या खाली जातातच. आणि वर जायला कॅप आहे, तुमच्या कागदावर ९ टक्के, म्हणजे मार्केट २५ टक्के वर गेलं तरी तुम्हाला ९, आणि ती कॅप कंपनी पुढे कमी करू शकते. इंडेक्समधल्या कंपन्यांचा डिव्हिडंड, साधारण दीड टक्का, तो तर हिशोबातच धरत नाहीत. तो 'टॅक्स-फ्री' पैसा म्हणजे तुमच्याच पॉलिसीवर तुम्ही काढलेलं कर्ज असतं, आणि म्हातारपणी चार्ज वाढून पॉलिसी मध्येच बंद पडली तर तोवरच्या फायद्यावर टॅक्सचं बिल एकदम येतं.

आणि सगळ्यात महागडी गोष्ट तर पॉलिसीत नाहीच. तुमची कंपनी ४०१केमध्ये पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत ५० टक्के मॅच देते, तुम्ही टाकाल त्याच्या निम्मे तीही टाकते, म्हणजे वर्षाला ३,९०० डॉलर फुकट. तीन वर्षं 'तात्पुरता' शून्य, म्हणजे ११,७०० गेले. ते परत मिळत नाहीत. दादांनी भीती घातली की भारतात परत गेलात तर ४०१के अडकतो. अडकत नाही, खातं तिथंच राहतं, वयाच्या साडेएकोणसाठनंतर भारतात बसून दंड न भरता काढता येतं.

आता करायचं काय. लगेच फोन उचलून पॉलिसी बंद करू नका, क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की शुगर बॉर्डरलाइन आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. आधी टर्म इन्शुरन्सला, म्हणजे ठराविक वर्षांच्या निव्वळ विम्याला, अर्ज करा, १० लाख, २० वर्षं. तुमच्या वयाला महिना १०० च्या आसपास धरा, शुगरमुळे थोडा जास्त लागेल. ती पॉलिसी मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही, फक्त दर महिन्याचे हजार थांबवता येतील का आणि थांबवले तर संरक्षण किती दिवस चालू राहील हे कंपनीला विचारा. दादांना नाही, कंपनीला, आणि लेखी. सोबत सरेंडर चार्जचं (मध्येच बंद केल्यावर कापतात त्या पैशांचं) वर्षवार कोष्टकही मागवा. पॉलिसीचं वर्ष दोनेक महिन्यांत पूर्ण होणार असेल आणि त्या दिवशी चार्ज उतरत असेल तर तेवढं थांबा. त्याहून जास्त थांबण्यात मला राम दिसत नाही. आणि टर्म नाकारली गेली तर मात्र बंद करू नका, मला परत लिहा, मग विम्याची रक्कम कमी करून ती चालू ठेवता येते का ते बघावं लागेल, कारण मुलं लहान आहेत.

टर्म मिळाली असं धरू. १६ हजार हातात येतील, भरलेल्यापेक्षा कमी आहेत म्हणून त्यावर टॅक्स नाही, पण २० हजारांचा तोटा टॅक्समध्ये दाखवताही येणार नाही. त्यातले ६ हजार कार्डावर मारा, वर्षाचं १,४४० व्याज त्या दिवशी थांबलं. उरलेले दहा हजार सेव्हिंगमध्ये, म्हणजे पुढच्या वेळी दार, बॉयलर, गाडी काहीही मोडलं तरी हप्त्यांचा विचार डोक्यात येणार नाही. कार्डाला किंवा पॉलिसीला वेळ लागला तरी ४०१के मात्र आज रात्रीच उघडा आणि ६ टक्के करा. वर्षाला ७,८०० जातील, पण तुमच्या २२ टक्के फेडरल आणि ४.९५ टक्के इलिनॉय टॅक्समुळे खिशाला फटका ५,७०० चाच, आणि खात्यात मॅच धरून ११,७००. टर्मचे बाराशे धरले तर वर्षाला ६,९०० झाले. दादांच्या १२ हजारांतले पाच हजार तरीही उरतात! ते वर्षभर सेव्हिंगमध्ये टाका, तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम झाली की मग रॉथ आयआरए (स्वतःचं वेगळं रिटायरमेंट खातं) वगैरे बोलू. सहा महिन्यांनी दुप्पट कसे होतील असं विचारणारं पत्र पाठवलंत तर उत्तर देणार नाही.

दादांशी भांडू नका, मंडळात तोंड दाखवायचंय. पण त्यांनी ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'हा इन्शुरन्स नाही, रिटायरमेंट प्लॅन आहे' असं लिहिलं असेल तर ते जपून ठेवा, इलिनॉय डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. ते बहुतेक म्हणतील की सरेंडर करून नुकसान कशाला करतोस, मी तुला दुसऱ्या चांगल्या कंपनीत १०३५ एक्स्चेंज करून देतो, म्हणजे टॅक्स न लागता पैसे नव्या पॉलिसीत हलवून देतो. त्यात सरेंडर चार्जची नवी दहा-बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि कमिशनही पुन्हा पहिल्यापासून. नाही म्हणा.

आणि पत्रात तुम्ही 'आम्ही' टाकतो असं लिहिलंय. बायकोच्या किंवा मुलांच्या नावाने पण अशीच एखादी काढलीय का? काढली असेल तर तिचं स्टेटमेंट पाठवा, खालचा आकडा दिसेल असं.